अश्वजितचा नंबर चालू आहे

रामटेक्यांच्या घरात शिक्षण एकट्याचं कधीच नव्हतं. ज्या वर्षी गोंदिया जिल्हा भंडाऱ्यापासून वेगळा झाला, त्या वर्षी परसरामनं आपल्या तिन्ही लेकरांना समोर बसवून कायदा करून टाकला होता. कमावणाऱ्या प्रत्येकानं शिक्षणासाठी काही बाजूला टाकायचं आणि सगळ्यांनी मिळून एका वेळी एकाच्याच पाठीशी उभं राहायचं. त्याला नोकरी लागली की त्याचा नंबर संपला, मग पुढच्याचा. मुलगा-मुलगी भेद नाही, लेकीची लेकरंही त्यात. पहिला नंबर धाकट्या पंचफुलाचा लागला, ती नर्स झाली. दुसरा थोरल्या सुगतच्या अश्वजितचा. परसराम जाऊन बरीच वर्षं झाली, पण कायदा तसाच होता आणि अश्वजितचा नंबरही तसाच होता.

भाद्रपद पौर्णिमेला विहारातलं खीरदान रामटेक्यांकडे असे. सकाळी वर्षावासाचं वाचन व्हायचं, मग खीर वाटायची, आणि मग सगळे जवाहरनगरला सुगतच्या क्वार्टरवर येऊन बसायचे. सुगत तिथल्या दारूगोळ्याच्या फॅक्टरीत होता, क्वार्टर दोन खोल्यांचं. बाहेरच्या खोलीत सतरंजी पडली की घरचे प्रश्न निघायचे. यंदाचा प्रश्न रुचिताचा होता.

रुचिता मधल्या, साकोलीच्या इश्वरची मुलगी. सुगतची पुतणी. बीए झालेली, तिथल्या एका शाळेत तात्पुरती शिकवत होती. मधल्या सुट्टीत पोरं तिच्याजवळ येऊन बसत. कोणाचे परीक्षेच्या दिवशी हात थरथरतात, कोणाला रात्री झोप येत नाही, कोणाचा बाप घरात महिनोन्महिने बोलत नाही. ती ऐकून घ्यायची आणि पुढं काय बोलावं ते कळत नाही म्हणून घरी येऊन चिडायची. तिला मानसशास्त्रात एम.ए. करायचं होतं. घरबसल्या, ऑनलाइन, आणि परवडेल असं. इश्वरनं एका दुपारी मोबाईलवर एवढंच शोधलं, खाली लेकीचं नाव आणि फोन टाकला, आणि तेव्हापासून त्या पोरीला दोन घास सुखानं खाता आले नव्हते. रोज कोणी ना कोणी मॅम फोन करून "सीट आजच लॉक करा" म्हणायची. कुठली सीट, कशाची सीट, काही पत्ता लागत नव्हता.

"हळू बोला ना," स्वयंपाकघरातून रत्नमाला म्हणाली. "अश्वजित अभ्यास करून राहिला."

सगळ्यांचे आवाज खाली आले. रत्नमाला सुगतची बायको, अश्वजितची आई. आतल्या खोलीचं दार लावलेलं होतं. अश्वजित इंजिनियर झाला, मग स्पर्धा परीक्षेसाठी नागपूरला राहिला, मग पुण्याला, आणि एक दिवस दोन बॅगा घेऊन घरी परतला. त्याला पाच-सहा वर्षं झाली. तेव्हापासून त्या खोलीत अभ्यास चालू होता. ताट आत जायचं, रिकामं बाहेर यायचं. कोणती परीक्षा, कधीची, हे विचारणं सगळ्यांनी एकमतानं सोडून दिलं होतं. ज्या घरात वांग्याच्या भाजीवर एकमत होत नाही, त्या घरात हे झालं होतं.

"तर मी काय म्हनतो," इश्वर कुजबुजला. उभा जन्म एस.टी.त कंडक्टरकी केलेला माणूस, कुजबुजणं त्याला जड जायचं. "एक भेटलं दिल्लीकडचं. एका वर्षाचं. परीक्षा घरूनच. फी इतकी कमी का मले वाटलं महिन्याची असन, तर साऱ्या कोर्सची निंघाली."

"बाबा, एम.ए. दोन वर्षांचं असते," रुचिता म्हणाली.

"हे फास्टवालं आहे."

"मधात थांबे नाई का मामा याले?" प्रतिक्षा हसली. ती तुमसरच्या पंचफुलाआत्याची मुलगी, कॉलेजात. "ताई, माह्यावालं पाय. बाहेर देशातलं आहे, पूरं इंग्लिशमध्ये. अर्धी फी माफ. फक्त आज रात्रीपर्यंत."

"हे मागच्या महिन्यापासून आज रात्रीपर्यंतच आहे, प्रतिक्षा."

सुगतनं घसा खाकरला. थोरला असल्यामुळं तो बोलण्याआधी थोडी शांतता व्हावी अशी त्याची अपेक्षा असे. "आमच्या सेक्शनमधल्या एकाच्या भाच्यानं एकवीस दिवसांत काउन्सेलरचं सर्टिफिकेट काढलं. फ्रेम करून भितीले लावलं आहे. मी सोता पायलं."

"मोठेबाबा, एकवीस दिवसांत अंड्यातून पिल्लू निंघते," रुचिता म्हणाली.

दिवाणावर बसलेली बायजाबाई खळखळून हसली, आणि मग दाराकडं बघून तिनं तोंडावर पदर धरला. परसरामची बायको, ऐंशीला टेकलेली. घरातला शेवटचा शब्द तिचा.

"हसू नोको पोरी," पंचफुला म्हणाली. "आमच्या तुमसरले एक सेंटरवाला आहे. तो म्हनते, मागच्या तारखेत बसवून देतो, पुढच्या उन्हाळ्यात डिग्री हातात. शिकाची झंझटच नाई."

"आत्या, तू नर्स आहेस ना? तारीख गेलेलं इंजेक्शन देशीन का तू कोनाले?"

पंचफुलाला हे लागलं.

रुचिताचं डोकं भणभणत होतं. ऑनलाइन वेगळं आणि दूरस्थ वेगळं, हे तिला स्वतःलाच गेल्या आठवड्यात समजलं होतं. एक साइट सांगे, मान्यता आहे, दुसरी सांगे, मान्यता आहे पण नोकरीला चालेल की नाही ते बघा. तिला एकच ठिकाण धड वाटत होतं. सरकारी मुक्त विद्यापीठ, फी जमण्यासारखी, केंद्र नागपूरला. पण त्यात एक अडचण होती, आणि ती तिनं आता एका दमात सांगून टाकली.

"दुसऱ्या वर्षी काही महिने नागपूरले राहून एखाद्या दवाखान्यात नाईतर संस्थेत काम शिका लागन. तवा शाळा सुटन. तेवढे दिवस घरानं सांभाळावं, येवढंच मांगून राहिली मी."

घरानं सांभाळायचं म्हणजे नंबर, आणि नंबर चालू होता. आता कळावं, की ही सगळी मंडळी महिनाभर स्वस्तातलं स्वस्त का धुंडाळत होती. घर काही भिकेला लागलं नव्हतं. पण कोर्स इतका स्वस्त निघाला असता की नंबर लागूच नये, तर अश्वजितचा नंबर संपला असं कोणाला म्हणावं लागलं नसतं. त्यासाठी पोरीनं एकवीस दिवसांत काउन्सेलर झालं तरी चाललं असतं.

"पाहू," सुगत म्हणाला. या घरात पाहू म्हणजे नाही.

इश्वर उठून अंगणात गेला. भावासमोर त्याला कधी बोलता आलं नव्हतं, आणि लेकीकडं बघवत नव्हतं.

पंचफुला स्वयंपाकघरात आली तेव्हा रत्नमाला पातेल्यातली उरलेली खीर वाटीत काढत होती. अश्वजितची वाटी. पंचफुलाला ते बघून राग आला, आणि राग कोणाचा हे कळेना. तिचा हिशेब सकाळपर्यंत सरळ होता. रुचिता स्वस्तात सुटली की पुढचा नंबर आपल्या प्रतिक्षाचा. सेंटरवाला तिनं त्यासाठीच शोधला होता. पण ते इंजेक्शनचं बोलणं काही डोक्यातून जाईना. रोज ओपीडीत ती दुसऱ्यांच्या लेकरांचे डोळे ओढून बघते, आणि भावाच्या लेकाचा चेहरा तिनं गेल्या वर्षीच्या पौर्णिमेपासून पाहिला नव्हता.

"वहिनी," ती म्हणाली, "पोट्टी शिकून राहिली तर शिकू द्या. कोनाच्या तरी कामी पडन. आपल्याच घरी..."

ती थांबली. रत्नमालाचा हात वाटीवर थांबला होता.

"आपल्याच घरी काय?"

"काही नाई."

"सांगा ना पंचफुला. ते शिकली तर अश्वजितसंगं बोलन का? थे काउन्सेलर बोलतेत ना, समोर बसवून?"

पाच-सहा वर्षांत रत्नमालाच्या तोंडून हे पहिल्यांदाच निघालं होतं. खरं उत्तर तिला माहीत नव्हतं. पण इतक्या आशेनं विचारलेल्या माणसाला नाही म्हणणं तिच्यानं दवाखान्यातही होत नसे.

"बोलन ना, काहून नाई बोलनार? घरची पोरगी आहे. बाहेर कोनाले माहीतबी होनार नाई."

रत्नमालानं वाटी खाली ठेवली, डोळे पुसले आणि नवऱ्याला आत बोलावलं.

सुगतनं उभ्या उभ्या ऐकून घेतलं. फॅक्टरीच्या बसमध्ये त्याला विचारणारे बरेच होते, "मुलाचं काय चालू आहे?" आणि तो म्हणायचा, "अभ्यास चालू आहे, यंदा होऊन जाईन." दरवर्षी यंदाच. बसमधली माणसं चांगली होती, मान हलवायची. ती मान हलवणंच त्याला सगळ्यात जास्त खुपायचं. पोराला डॉक्टरकडं न्यावं हे त्याच्या मनात आलं नव्हतं असं नाही. पण डॉक्टरच्या दारात कोणी ओळखीचा भेटला तर? आता बायकोच्या बोलण्यातून त्याला एक वाट दिसली, आणि ती इतकी सोयीची होती की ती खोटी असेल अशी शंकाही त्याला आली नाही. दोन्ही प्रश्न एका झटक्यात सुटत होते, साप मरत होता आणि काठीही तुटत नव्हती.

तो बाहेरच्या खोलीत आला आणि अंगणातल्या इश्वरला त्यानं हाक मारली.

"बस. माय, आयकून घे. अश्वजितचा नंबर चालूच राहीन. रुचिताचं शिक्षन त्याच नंबरात बसवू. म्हनजे थे त्याच्यासाठीच शिकून राहिली, असं समजू. शिकून आली का पयले घरातलं पाहीन. बाकीची दुनिया मंग."

"म्हनजे नागपूरचं राहनं..." इश्वरनं भीत भीत विचारलं.

"सारं. घर पाहीन."

इश्वरचा चेहरा उजळला. प्रतिक्षानं टाळी वाजवली आणि दार आठवून हात आवरले. पंचफुलानं मनातल्या मनात हिशेब केला, दोन नंबर एकात गेले म्हणजे आपली पोरगी एक पायरी वर आली, आणि वाईट काहीच झालं नाही. सगळ्यांनी एकमेकांकडं बघितलं. महिनाभराचा गुंता एवढ्या सहज सुटल्यावर माणसं जशी बावळटासारखी हसतात, तशी ती हसत होती.

फक्त बायजाबाई हसत नव्हती. तिला समजून घ्यायचं होतं. "रुचिता, इकडं ये माय. मले या डिगऱ्या समजत नाई. मले येवढंच सांग. तू हे शिकली, तर माह्या नातवाले बरा करशीन ना?"

रुचिता आजीसमोर बसली. हो म्हणायचं होतं. एवढा एक शब्द, आणि नागपूर, दवाखाना, ती पोरं, सगळं हातात होतं. दोन वर्षांनी कोण विचारणार होतं? आणि कोणी सांगावं, बोलली असती ती त्याच्याशी, बहीण म्हणून तरी. स्वयंपाकघराच्या दारात रत्नमाला उभी होती. मोठी आई आपल्याकडं अशी कधीच बघत नव्हती, जणू आपण कोणी मोठ्या डॉक्टरीणबाई आहोत. या नजरेसमोर नाही म्हणायचं? का म्हणायचं? कोणासाठी? रुचिताला खरोखर कळेना. तिनं इश्वरकडं बघितलं. तो मान हलवून हो म्हण, हो म्हण असं सांगत होता.

"नाई आजी," ती म्हणाली. आवाज तिचा तिलाच परका वाटला. "घरच्या मानसावर इलाज करता येत नाई. तसा नेमच आहे. मी त्याची बहीन आहे. तो माह्यासमोर खरं बोलनार नाई, आन् बोलला तरी मले सहन होनार नाई. त्याले बाहेरचाच डॉक्टर पायजे. आन् माहं शिकून होयेपर्यंत थांबाचं कायले? आजच पायजे."

अश्वजित आजारी आहे, हे आजपर्यंत या घरात कोणी उघड बोललं नव्हतं.

"म्हनजे माहा पोरगा पागल आहे?" रत्नमाला ओरडली. हळू बोला म्हणणारी तीच.

"मोठी आई, मी तसं नाई म्हटलं."

"मंग काय म्हटलं? आँ? घरचं खाऊन, घरच्याच पोराले..."

"वहिनी!" पंचफुला मध्ये पडली.

"तुमीच म्हटलं ना, ते बोलन म्हून! तुमीच म्हटलं!"

"मले काय माहीत होतं का असा नेम राहते?"

"रुचिता, माफी मांग मोठ्या आईची," इश्वर म्हणाला. हातात आलेलं सगळं लेकीनं स्वतःच्या हातानं सांडलं होतं. "मांग! तुले समजते का तू काय करून राहिली?"

"नाई समजत बाबा!" रुचिताला रडू फुटलं. "मलेबी नाई समजत! पन खोटं बोलून कशी शिकू मी हे?"

सुगतला पुतणीचा संताप आला होता, आणि त्या संतापाच्या खाली कुठंतरी बरंही वाटत होतं. एवढं ओझं त्यानं इतकी वर्षं एकट्यानं वाहिलं आणि आज ते पोरीनं सगळ्यांसमोर जमिनीवर ठेवलं. असं बरं वाटणं त्याला बापाला न शोभणारं वाटलं.

आतलं दार उघडलं.

अश्वजित उंबऱ्यावर उभा होता. केस वाढलेले, अंगावर जुना टीशर्ट, चेहरा उन्हात न गेलेल्या माणसाचा. एवढे सगळे एकदम आपल्याकडं बघतात हे त्याला झेपत नव्हतं. त्यानं चौकट धरली.

"आजी," तो म्हणाला. "माहा नंबर झाला."

बायजाबाईला ऐकू आलं, पण उमगलं नाही. "झाला म्हनजे? लागली नोकरी?"

"नाई. अभ्यास सोडला मी. पुन्याहून आलो तवाच सोडला होता."

"मंग आतमंधी काय करत होता रे बाप्पा इतके वर्सं?"

"काही नाई." तो जरा थांबला. "तुमी सारे हळू बोलत होते. मले वाटे, आता बाहेर गेलो तर तुमाले सांगा लागन का मी अभ्यास करून नाई राहिलो. मंग नाई जायचो."

पोराच्या भल्यासाठी रत्नमाला इतकी वर्षं शेजाऱ्यांचा टीव्हीसुद्धा बारीक करायला लावत होती.

"मी बसमंधी साऱ्याइले सांगत होतो..." सुगतचं वाक्य पुरं झालं नाही.

"मले माहीत आहे बाबा. म्हूनच तर."

बाप-लेकात एवढंही बोलणं गेल्या कित्येक महिन्यांत झालं नव्हतं. सुगतनं मान खाली घातली.

बायजाबाईनं दिवाणावर हात टेकून पाठ सरळ केली, परसरामच्या जागेवरून बोलताना करायची तशी. "नंबर आता रुचिताचा. तिले वाटते त्याच ठिकानी शिकन ते, सरकारी म्हनते ना, तिथंच. नागपूरचं घर पाहीन. आन् अश्वजितच्या दवाखान्याचंबी घर पाहीन, पन थे नंबरात नाई. बिमारीचा नंबर नसते."

रुचिताला जे हवं होतं ते मिळालं होतं. आनंद मात्र झाला नाही, कोणाच्या तरी हातातून काढून घेतल्यासारखं वाटलं. इश्वर पुढं होऊन लेकीच्या डोक्यावर हात ठेवावा की थोरल्या भावाच्या पायाशी बसावं या विचारात मध्येच उभा राहिला.

आणि मग, रामटेकेच ते, सगळे एकदम बोलायला लागले.

"नागपूरले एक चांगला आहे, मेडिकलच्या जवळ," पंचफुला म्हणाली.

"आत्ता फोनवरच दाखवता येते, व्हिडिओवर," प्रतिक्षानं मोबाईल काढलासुद्धा. "पयली वेळ फुकट आहे, पाय."

"साकोलीचा एक मास्तर भंडाऱ्याले जाते, गोळ्या घेते, आता एकदम फिट," इश्वर म्हणाला.

"भंडाऱ्याले नोको," सुगत घाईनं म्हणाला. "तिथं फॅक्टरीवाले..."

"मले इचारा ना कोनी तरी," अश्वजित म्हणाला.

मोठ्यानं नव्हे, पण सगळे थांबले. प्रतिक्षानं मोबाईल उलटा करून सतरंजीवर ठेवला. रुचितानं तोंड उघडलं आणि मिटलं. हे तिनं विचारायचं नव्हतं.

सुगत उठला. कोपऱ्यातली प्लास्टिकची खुर्ची त्यानं ओढली आणि पोरासमोर ठेवली. अश्वजित बसला नाही, तेव्हा तो स्वतःच बसला. खुर्चीत बसून उभ्या लेकाकडं मान वर करून बघताना तो एकदम म्हातारा दिसला. काय विचारायचं, कसं विचारायचं, याचं शिक्षण या घरात कोणाच्याच नंबरात झालेलं नव्हतं.

"तुले काय होते रे?" त्यानं विचारलं.

रत्नमाला सवयीनं शेजाऱ्यांना ऐकू जाऊ नये म्हणून रस्त्याकडचं दार लावायला निघाली.

"राहू दे आई, उघडंच राहू दे," अश्वजित म्हणाला, आणि बापाच्या पायाशी खाली बसून सांगायला लागला.